जोनी मिचेलच्या 'ब्लू'नंतर काय ऐकू? एकाच माणसाने लिहिलेले, गायलेले, आतून हलवणारे आख्खे अल्बम सुचवा

निळी_वही:

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे माझ्या कानात एकच अल्बम आहे, जोनी मिचेलचा 'ब्लू'. १९७१ चा. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. नाव कैक वर्षं ऐकून होते, 'कधीतरी ऐकू' म्हणून ठेवून दिला होता. एका रात्री झोप येईना म्हणून हेडफोन लावून सुरू केला. पहिली काही गाणी नुसती कानावरून गेली. खरं सांगायचं तर तिचा आवाज मला आधी जरा टोकदारच वाटला, मध्येच उडी मारून कुठेतरी उंच जाऊन बसणारा. मग 'रिव्हर' लागलं.

सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'ची चाल येते. लहान मुलंही ओळखतील अशी. पण तिच्याखालचे सूर असे काही वळवलेत की त्याच आनंदी चालीने पोटात तुटतं. सगळीकडे नाताळची गडबड चाललीय आणि हिला हवीय एक गोठलेली नदी, जिच्यावरून घसरत लांब निघून जाता येईल. बरं, नातं मोडलं त्यात चूक कोणाची? ती सरळ सांगून टाकते की माझी. मीच स्वार्थी, मला सांभाळणं अवघड, आणि मी माझं सगळ्यात चांगलं माणूस गमावलं. त्या ओळीला मी अंथरुणात उठून बसले. प्रेमभंगाची गाणी आपण काय कमी ऐकलीत का? पण बहुतेकांत समोरचा गुन्हेगार असतो.

त्यानंतरचं 'अ केस ऑफ यू' तर मी अजून एका बैठकीत दोनदा ऐकू शकत नाही. त्यात ती बारमध्ये बसून, टीव्हीच्या निळ्या उजेडात, कोस्टरच्या (पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या) मागच्या बाजूला कॅनडाचा, म्हणजे स्वतःच्या देशाचा, नकाशा काढते आणि त्यावर त्याचा चेहरा रेखाटते. एकदा नाही, दोनदा. हे 'दोनदा' मला फार लागलं. कोणी नुसतं आठवण येते म्हणालं असतं तर मी पुढे गेले असते.

तर विचारायचं आहे ते असं: याच ताकदीचे आणखी कोणते अल्बम आहेत? सुटी गाणी नकोत, आख्खा अल्बम हवा. लिहिणारा आणि गाणारा एकच माणूस हवा. नुसता रडका नको, रडवायला काय, कोणीही रडवतं. आणि 'ब्लू' तुम्ही कसा ऐकता, तेही सांगा.

सहा_तारा:

धागा बघून फार बरं वाटलं. मी गिटार वाजवतो, त्यामुळे वाद्यांच्या बाजूने सांगतो.

तुम्हाला ते सूर 'वळवलेले' वाटले ना, त्यामागे एक कारण आहे. जोनीला नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला होता. डाव्या हातात पुरेसं बळ राहिलं नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने गिटारवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणं तिला जड जायचं. म्हणून तिने ताराच वेगळ्या लावायला सुरुवात केली. तारा अशा जुळवायच्या की कमी बोटांत आणि सोप्या पकडीत पूर्ण सूर निघेल. पुढे तिने असे डझनावारी प्रकार शोधले. त्यातून जे कॉर्ड निघतात ते धड आनंदी नसतात, धड दुःखी नसतात. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत थांबल्यासारखे वाटतात.

'ब्लू'मध्ये तर चार गाण्यांत तिच्या हातात गिटारच नाही. 'ऑल आय वॉन्ट', 'कॅरी', 'कॅलिफोर्निया' आणि 'अ केस ऑफ यू' या चारांत ती डल्सिमर वाजवते. ॲपलाचियन डल्सिमर म्हणजे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं तीन-चार तारांचं लांबट लाकडी वाद्य. १९७० मध्ये ती युरोपात भटकायला गेली तेव्हा हेच सोबत नेलं होतं. क्रीट बेटावर मटाला नावाचं गुहांचं गाव आहे, 'कॅरी' तिथल्या मुक्कामातलं. वाद्य लहान, त्यामुळे गाण्यातही जागा खूप मोकळी राहते. आवाजाला लपायला काही उरत नाही.

एक करून बघा. 'अ केस ऑफ यू' पुन्हा लावाल तेव्हा तिच्या आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि फक्त तारा ऐका. डल्सिमर तिचं, गिटार जेम्स टेलरचं. गिटार कुठेही पुढे येत नाही. ती बोलत असताना शेजारी गप्प बसून मान हलवणाऱ्या माणसासारखं वाजतं. मी हा भाग वाजवायचा प्रयत्न कित्येकदा केलाय. बोटं पोचतात, पण इतकं कमी वाजवायचा धीर होत नाही.

माझ्याकडून एकच नाव: निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. लंडनच्या एका स्टुडिओत ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला. एक आवाज, एक गिटार, आणि शीर्षकगीतात पियानोचे थोडेसे सूर. बस. अकरा गाणी अठ्ठावीस मिनिटांत संपतात. तो १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या हयातीत त्याचे तिन्ही अल्बम फारसे कोणी घेतले नाहीत. पण हे सगळं बाजूला ठेवून त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या. अंगठा खाली एक ताल धरून असतो, वरची बोटं भलतंच काही सांगत असतात, आणि आवाज दोघांच्या मधून चालतो. त्याच्या गाण्यात 'ब्लू'सारखा कबुलीजबाब नाही. तो सांगतो कमी आणि दार लावून घेतो, तरी दाराखालून उजेड दिसत राहतो.

कातरवेळ:

सहा_तारा, फार सुंदर लिहिलंत.

निळी_वही ताई, माझं उत्तर डोळे मिटून: सुफियान स्टीव्हन्स, 'कॅरी अँड लोवेल', २०१५.

कॅरी त्याची आई. तो जेमतेम वर्षाचा असताना ती घर सोडून गेली. मानसिक आजार होता, दारूचं व्यसन होतं. लोवेल तिचा दुसरा नवरा. त्या दोघांचं लग्न पाचेक वर्षंच टिकलं, पण त्या काळातल्या ऑरेगॉनमधल्या उन्हाळी सुट्ट्या, एवढीच या मुलाला आई मिळाली. डिसेंबर २०१२ मध्ये ती कर्करोगाने गेली आणि त्यातून ही अकरा गाणी आली. ड्रम्स नाहीत. काही भाग तर हॉटेलच्या खोलीत फोनवर रेकॉर्ड केलेला आहे. आवाज कुजबुजीच्या जरासाच वर.

मी हा ऐकला तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. माझं आणि आईचं फारसं पटायचं नाही. आणि ज्यांचं पटत नाही त्यांच्या दुःखाला कुठे जागाच नसते हो. लोक भेटायला आले की माया, त्याग, जिव्हाळा असलं बोलायचे आणि मी नुसती मान डोलवायचे. या अल्बममध्ये मला पहिल्यांदा माझ्यासारखं कोणीतरी भेटलं. जी पुरती मिळालीच नाही तिच्यासाठी रडणारं, आणि 'आपण का रडतोय' याचाही हिशेब न लागणारं.

'फोर्थ ऑफ जुलै' हे गाणं म्हणजे शेवटच्या क्षणीचा आई आणि मुलाचा संवाद. ती त्याला लाडाच्या नावांनी हाक मारत राहते. जन्मभर ज्या हाका मारायच्या राहिल्या त्या सगळ्या एका गाण्यात. मी तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, गाणं संपलं तरी तशीच उभी राहिले.

पण तुम्ही म्हणालात ना, नुसता रडका नको, त्यासाठी 'शुड हॅव नोन बेटर' ऐका. अर्धं गाणं सगळा पश्चात्ताप आहे, अगदी दबलेला. मग मध्यावर सूर पालटतात, खालून एक हलकी, ठेक्याची चाल येते, आणि तो सांगतो की भावाला मुलगी झालीय, तिच्यामुळे घरात उजेड आलाय. एवढंच. दुःखावर उपाय वगैरे काही सांगत नाही. गेलेल्या माणसाच्या गाण्यात एक नवं माणूस चालत येतं.

पावसाळी_ढग:

कातरवेळ यांना शंभर टक्के अनुमोदन. तुमचं वाचून 'शुड हॅव नोन बेटर' पुन्हा ऐकलं, तो बदल येतो तिथे आज वेगळंच वाटलं.

अलीकडचं काही हवं असेल तर एड्रियान लेंकरचा 'साँग्ज', २०२०. एक नातं तुटल्यानंतर ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या लाकडी घरात जाऊन राहिली आणि तिथेच टेपवर हा अल्बम केला. गिटार लाकडाच्या पेटीत बसून ऐकल्यासारखं वाटतं, मधूनच बाहेरचे पक्षी ऐकू येतात. तिचे शब्द जोनीसारखे गोष्ट सांगत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी येतात. पहिल्या दोन ऐकण्यांत काही हाती लागलं नाही तर सोडू नका.

निळी_वही:

काय काय दिलंत तुम्ही सगळ्यांनी! सहा_तारा, फक्त तारा ऐकायचं करून बघितलं. 'शेजारी गप्प बसून मान हलवणारा माणूस' आता कानातून जायचा नाही.

कातरवेळ, तुमच्या आईबद्दल वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. मोकळेपणाने सांगितलंत, आभार.

मध्यंतरी 'लिटल ग्रीन'बद्दल वाचलं आणि हादरले. मी ती अंगाई समजून ऐकत होते. जोनीला १९६५ मध्ये मुलगी झाली होती, हातात पैसे नाहीत, सोबत कोणी नाही, म्हणून बाळ दत्तक द्यावं लागलं, आणि हे गाणं त्या बाळाला आहे. हे कळल्यावर गाणं पुन्हा लावलं तर प्रत्येक ओळ दुसरीच झाली. आई मुलीला नाव देते, ऋतूंच्या गोष्टी सांगते, कागदपत्रांवर सही करते. आता मी प्रत्येक गाण्यामागे कोण आहे ते शोधत बसलेय. त्या काळातले तिचे प्रियकर, ग्रॅहम नॅश कुठे, जेम्स टेलर कुठे.

स्वल्पविराम:

इथे मी थोडा विरोध नोंदवतो, रागावू नका.

कोणतं गाणं कोणावर, हा शोध सोडून द्या असं मनापासून सांगेन. नकाशावरचा तो चेहरा कोणाचा हे कळून गाण्यात एक स्वरही वाढत नाही. उलट कमी होतो, कारण तोवर तो चेहरा तुमच्या ओळखीच्या कोणाचा तरी होता.

'लिटल ग्रीन'चंच घ्या. हे गाणं लोकांनी दोन दशकांहून अधिक काळ काहीही माहीत नसताना ऐकलं. १९७१ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या परीक्षणात तर त्याचा अर्थच लागत नाही अशी तक्रार होती. मुलीची गोष्ट नव्वदीच्या दशकात बाहेर आली, १९९७ मध्ये मायलेकींची भेट झाली. त्याआधीही ते ऐकताना लोक गलबलत होतेच की. का? तर निरोप देतानाही आवाज शांत ठेवायचा तिचा प्रयत्न ऐकू येतो. बातमी नव्हती, पण दुःख पोचत होतं.

मला वाटतं 'ब्लू'ची ताकद खरेपणात आहे असं जे सगळे म्हणतात ते अर्धंच आहे. खरं बोलणारे पुष्कळ असतात. हिने खरं बोलण्यासाठी घाट शोधला. कोस्टर, नकाशा, निळा उजेड, गोठलेली नदी. वस्तू समोर ठेवते आणि बाजूला होते. आपल्याकडे ओवीत असंच असतं, बाई जात्याशी बोलते आणि सगळं घर कळतं.

कातरवेळ:

स्वल्पविराम, 'ब्लू'बाबत तुमचं पटतं. पण नियम करू नका. 'कॅरी अँड लोवेल'च्या नावातच आई आणि सावत्र वडील आहेत, मुखपृष्ठावर त्या दोघांचाच फोटो आहे. तो स्वतः दार उघडून म्हणतोय, या, ही माझी माणसं. तिथे न बघितल्यासारखं करणं मला जमणार नाही. आणि माझ्या बाबतीत तर त्याची गोष्ट कळली म्हणून मला माझी सांगता आली.

स्वल्पविराम:

हे मान्य. नियम मागे घेतो.

उंबरठा:

एक नाव घेतो, पण इशाऱ्यासकट. माउंट ईरी, 'अ क्रो लुक्ड ॲट मी', २०१७. फिल एल्वेरम या माणसाचा एकट्याचा प्रकल्प. त्याची बायको जुलै २०१६ मध्ये कर्करोगाने गेली, घरात दीडेक वर्षाची मुलगी. त्याने तिच्याच खोलीत बसून, बरीचशी तिचीच वाद्यं घेऊन हा अल्बम केला.

पहिल्याच गाण्यात एक प्रसंग आहे. ती गेल्यानंतर आठवड्याभराने तिच्या नावाचं पार्सल येतं. उघडतो तर आत लहान मुलीचं दप्तर. मुलगी पुढे शाळेत जाईल तेव्हासाठी तिने गुपचूप मागवून ठेवलेलं. स्वतः तेव्हा नसणार हे माहीत असताना. तो हे जवळजवळ न गाता, बोलल्यासारखं सांगतो. सजावट नाही, उपमा नाही. मृत्यूला कला करायची नाही असं तो सुरुवातीलाच म्हणतो.

हा अल्बम मी आयुष्यात तीनदाच ऐकलाय. तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर आत्ता ऐकू नका. कातरवेळ, हे खास तुम्हाला. थांबलात तरी चालेल, तो कुठे जात नाही.

नवखा_कान:

मी नवीन आहे. सगळं वाचतोय आणि खूप ऐकावंसं वाटतंय, पण माझी अडचण अशी की इंग्रजी गाण्यातले शब्द मला पटकन कळत नाहीत. चाल आवडते, पण तुम्ही सांगता तसं काळजाला भिडत नाही. कुठून सुरू करू?

स्वल्पविराम:

नवखा_कान, यात लाजण्यासारखं काही नाही. ट्रेसी चॅपमनपासून सुरू करा. १९८८ चा तिचा पहिला अल्बम, नावही तिचंच. खर्जातला, ठाम आवाज, एकेक शब्द स्वच्छ. 'फास्ट कार' ही सरळ गोष्ट आहे: दारुडे वडील, शाळा सोडलेली मुलगी, किराणा दुकानातली नोकरी, आणि एका वेगवान गाडीत बसून इथून निघून जायचं स्वप्न. प्रत्येक कडव्यात आयुष्य थोडं पुढे सरकतं आणि गिटारची तीच ओळ फिरून फिरून येत राहते. शेवटाकडे कळतं की ती जिथून पळाली तिथेच पुन्हा येऊन पोचलीय, फक्त वडिलांच्या जागी आता नवरा आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता. ट्रेसीचं गाणं झालं होतं, पण स्टीव्ही वंडरच्या वाद्यांची ऐन वेळी अडचण झाली म्हणून तिला पुन्हा मंचावर पाठवलं. एवढ्या अफाट गर्दीसमोर एकटी मुलगी आणि एक गिटार. तिथून ती जगाला माहीत झाली. त्याचं चित्रण जरूर बघा.

आणि पद्धत अशी ठेवा: पहिल्यांदा शब्द न बघता ऐका. मग गाणं बंद करून शब्द कवितेसारखे वाचा, अडेल तिथे अर्थ बघा. मग पुन्हा ऐका, पण वाचत वाचत नको. डोळे कागदावर असले की कान मागे पडतात.

जुनी_कॅसेट:

'ब्लू' कसा ऐकावा याचं उत्तर कोणी दिलंच नाही, मी देतो. मी हा अल्बम कॅसेटवर ऐकलाय, तबकडीवर ऐकलाय आणि आता फोनवरही ऐकतो.

तबकडीला दोन बाजू असतात आणि या अल्बमच्या प्रत्येक बाजूला पाच-पाच गाणी आहेत. पहिली बाजू 'ऑल आय वॉन्ट'ने सुरू होते, रस्त्यावर एकटी निघालेली, उत्साहाने फसफसणारी बाई, आणि 'ब्लू' या शीर्षकगीतावर संपते. त्या गाण्यानंतर सुई उचलावी लागायची. उठायचं, तबकडी उलटायची, परत बसायचं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात ते गाणं खोलीत उतरायचं. आता फोनवर पियानो विरतो न विरतो तोच 'कॅलिफोर्निया' सुरू होतं, आणि ते तर चक्क खुशीचं, घराच्या ओढीचं गाणं आहे! म्हणून माझं सांगणं एवढंच: पाचव्या गाण्यानंतर हाताने थांबवा. पाणी प्या, खिडकीपाशी जा, मग पुढचं लावा. आणि गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं ते बटण या अल्बमपुरतं बंदच ठेवा.

क्रमाची एक गंमत सांगतो. अल्बम जवळपास तयार झाला होता तेव्हा पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी त्यात नव्हती. अगदी शेवटी तिने आधीची दोन जुनी गाणी काढली आणि 'ऑल आय वॉन्ट' व 'द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड' घातली. म्हणजे घराचा उंबरा आणि मागचं दार सगळ्यात शेवटी बसवलं. आज ती दोन काढून बघा, काय उरतं? सुरुवातीला ती एखाद्याला आनंद द्यायला, त्याच्यासाठी स्वेटर विणायला निघालेली असते आणि शेवटी अंधाऱ्या कॅफेत, टेबलावरची मेणबत्ती फुंकून, कोणी बोलायला येऊ नये म्हणते. मधली आठ गाणी या दोहोंच्या मधला प्रवास होऊन जातात.

असं म्हणतात की गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने अल्बम ऐकून तिला सांगितलं, बाई, स्वतःसाठी काहीतरी राखून ठेव. १९७९ च्या एका मुलाखतीत ती स्वतःही म्हणाली होती की त्या दिवसांत आपण सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदासारखे झालो होतो, काहीच झाकलेलं राहिलं नव्हतं.

तिचंच पुढचं हवं असेल तर १९७६ चा 'हेजिरा'. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्याकडे एकटीने गाडी चालवत जाताना लिहिलेली गाणी, आणि चार गाण्यांत जॅको पॅस्टोरियसचा बेस गिटार, जो साथ करत नाही, शेजारून गातो. पण 'हेजिरा'ला वेळ द्या, तो पहिल्या भेटीत बोलत नाही.

त्याआधी एक गोष्ट नक्की करा. २००० साली तिने वाद्यवृंदासोबत 'बोथ साइड्स नाऊ' नावाचा अल्बम केला, त्यात 'अ केस ऑफ यू' पुन्हा गायलंय. पन्नाशी ओलांडलेली, सिगारेटने खरवडलेला, कितीतरी खाली उतरलेला आवाज. दोन्ही एकामागोमाग ऐका.

अन् लेनर्ड कोहेनचा 'यू वॉन्ट इट डार्कर' राहिला की. ऑक्टोबर २०१६ मध्ये आला, सतरा दिवसांनी तो गेला. वय ब्याऐंशी. पाठीच्या दुखण्याने स्टुडिओत जाता येईना, म्हणून मुलाने घरीच आरामखुर्ची आणि माइक मांडून त्याच्याकडून गाऊन घेतलं. निरोप इतक्या स्वच्छपणे घेतलेला मी दुसरा ऐकला नाही.

सहा_तारा:

जुनी_कॅसेट काका, पाचव्या गाण्यानंतर थांबायचं कधी सुचलंच नव्हतं. आज करतो.

एक जोड. २०१५ मध्ये जोनीला मेंदूत रक्तस्राव झाला. चालणं, बोलणं, गिटार, सगळं पुन्हा शिकावं लागलं. बोटं कुठे ठेवायची हे तिने स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शोधलं. आणि जुलै २०२२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात खुर्चीत बसून ती पुन्हा गायली. 'अ केस ऑफ यू'सुद्धा. मध्ये उभं राहून गिटार एकटीने वाजवलं, तेही गाण्याशिवाय. ज्या हाताला नवव्या वर्षी बळ नव्हतं तोच हात. चित्रण उपलब्ध आहे. मी ते बघताना गिटार बाजूला ठेवून दिलं होतं.

नवखा_कान:

'फास्ट कार' तुमच्या पद्धतीने तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी भिडलं. नवरा वडिलांसारखाच निघतो ते कळलं तेव्हा गिटारची तीच चाल अचानक अंगावर आली. मनापासून आभार स्वल्पविराम.

निळी_वही:

दहा दिवसांनी परत आलेय, उशिराबद्दल माफी.

'पिंक मून' दोनदा ऐकला. सहा_तारा, दाराखालचा उजेड दिसला. 'साँग्ज' अजून हाती लागत नाही, पण सोडलेला नाही. माउंट ईरीचं फक्त पहिलं गाणं ऐकलं. दप्तरापाशी थांबवलं. पुढचं आत्ता नको.

'कॅरी अँड लोवेल' ऐकताना मला माझी धाकटी बहीण आठवली. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, कारण इथे लिहिण्यासारखं नाही, आणि चूक दोघींची होती. 'रिव्हर' ऐकल्यापासून मी म्हणायला लागलेय, माझीही होती. तिला ते पुतणी आल्याचं गाणं पाठवलं, सोबत एक शब्दही न लिहिता. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: 'हे कोण? पुढचं पाठव.' रोज रात्री एक गाणं पाठवतेय. आज सहावं.

आणि काका, काल रात्री तुम्ही सांगितलेलं केलं. आधी १९७१ चं 'अ केस ऑफ यू', लगेच २००० चं. तुला पेटीभर प्यायले तरी मी माझ्या पायांवर उभी असेन, ही ओळ आहे ना, पहिल्यात ती हे ऐटीत म्हणते, थोडं त्याला खिजवत. दुसऱ्यात तेच शब्द येतात तेव्हा ती खरोखर उभी राहून सांगतेय असं वाटलं, सगळं पिऊन झाल्यावर. मधली एकोणतीस वर्षं त्या एका 'उभी'त ऐकू आली. मी ते परत मागे नेऊन ऐकलं, मग दिवा लावून हे लिहायला बसले.

'हेजिरा' रविवारी सुरू करते. पहिल्या भेटीत बोलत नाही म्हणालात, तर कितव्या भेटीपर्यंत थांबू?

जुनी_कॅसेट:

मला चौथी लागली होती. लांबच्या प्रवासात, खिडकीशी बसून ऐका, कदाचित तिसऱ्यातच बोलेल. आणि बहिणीला 'ब्लू' पाठवाल तेव्हा दहाही गाणी एकदम पाठवा, त्यातलं एकेक सुटं करू नका.